थार वाळवंटातील भूशास्त्रीय व भूजल सर्वेक्षण : साठा आणि पुनर्भरण यांतील अंतर

28 डिसेंबर 2024 रोजी जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगड परिसरात एका शेतात कूपनलिकेचे खोदकाम चालू होते. सुमारे साडेआठशे फूट खोलीवर यंत्राने पाण्याने भरलेला स्तर फोडला आणि पाणी, वायू व चिखल यांचा प्रवाह जमिनीच्या वर उसळला. भोवतालची जमीन खचली, खोदकामाचे यंत्र आपल्या वाहनासह त्या विवरात गडप झाले आणि शेताचे तळे बनले. सुमारे दोन दिवसांनी प्रवाह आपोआप थांबला. तोवर ती दृश्ये देशभर पोचली होती आणि लुप्त सरस्वती पुन्हा प्रकटल्याची बोलवाही झाली होती. घटनास्थळी गेलेल्या भूजलतज्ज्ञांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते ते पाणी जाड चिकणमातीच्या थराखाली दाबाखाली कोंडलेले, तृतीयक काळातील वालुकाश्मातील असावे. शिवाय ते खारे होते.

वाळवंटात पाणी उसळले की ते विपुलतेचे लक्षण मानले जाते. पाणी किती जोराने वर येते यावरून स्तरातील दाब कळतो. ते किती काळ पुरेल, ते पिण्याजोगे आहे काय आणि उपसल्यावर पुन्हा भरून येईल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या उसळीत नसतात. ती भूशास्त्रीय व भूजल सर्वेक्षणातून मिळवावी लागतात. थारच्या प्रदेशात गेली सुमारे दीडशे वर्षे चाललेल्या सर्वेक्षणांनी ही उत्तरे कशी शोधली आणि त्यांतून कोणता बोध हाती आला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूस्तरांची मांडणी

थारच्या भूस्तरांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा आरंभ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी केला. 1876-77 च्या सुमारास विल्यम ब्लॅनफर्ड यांनी सिंध आणि राजपुताना यांमधील वाळवंट पालथे घातले. 1886 मध्ये आर. डी. ओल्डहॅम यांनी उत्तर जैसलमेरविषयी टिपण प्रसिद्ध केले. 1902 मध्ये टी. डी. ला टूश यांचा पश्चिम राजपुतान्याच्या भूशास्त्रावरील ग्रंथ आला. उंटावरून केलेल्या या पाहण्यांचा उद्देश पाणी शोधणे हा मुख्यतः नव्हता. तरीही त्यांनी घालून दिलेला स्तरक्रम पुढील काळातील भूजलशास्त्रज्ञांना पायाभूत ठरला.

तो क्रम थोडक्यात असा. तळाशी मालाणी अग्निज खडक आहेत. ऱ्हायोलाइट व ग्रॅनाइट यांचे हे खडक सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीचे असून पाणी धरण्याच्या दृष्टीने कंजूष आहेत. त्यांवर मारवाड समूहातील जोधपूर वालुकाश्म, बिलाडा चुनखडक आणि नागौर वालुकाश्म येतात. पश्चिमेकडे जैसलमेरच्या खोऱ्यात ज्युरासिक काळातील लाठी वालुकाश्म, त्यावर जैसलमेरचा सुप्रसिद्ध पिवळा चुनखडक, आणि पुढे वायव्येकडे त्याहून तरुण स्तर क्रमाने आढळतात. या सर्वांवर वाऱ्याने व जुन्या प्रवाहांनी आणलेली वाळू आणि गाळ यांचे आच्छादन आहे. नकाशावर जे एकसंध वाळवंट दिसते ते वस्तुतः अगदी भिन्न स्वभावांच्या खडकांवर अंथरलेले वाळूचे पांघरूण आहे. म्हणूनच एका गावात गोडे पाणी आणि चार कोसांवर मिठाचे पाणी, असा अनुभव येथे नित्याचा असतो.

यांपैकी लाठी वालुकाश्माचे महत्त्व विशेष आहे. पोखरणपासून मोहनगडकडे जाणारा हा पट्टा सेवण गवताच्या कुरणांसाठी आणि माळढोक पक्ष्याच्या वसतीसाठी जितका परिचित आहे, तितकाच तो भूजलासाठीही आहे. हे वालुकाश्म नद्यांनी साठविलेल्या वाळूचे बनलेले आहेत. जैसलमेरजवळच्या आकल येथे त्यांत अश्मीभूत वृक्षांचे ओंडके सापडतात, म्हणजे तो प्रदेश एके काळी वनांचा होता. कणांच्या मधल्या पोकळ्या बऱ्याच प्रमाणात मोकळ्या राहिल्यामुळे हा खडक पाणी धरतोही आणि सोडतोही. त्याचे स्तर वायव्येकडे मंदपणे कलले आहेत. आग्नेयेस, लाठी गावाच्या आसपास, ते पृष्ठभागाशी आहेत. वायव्येस मात्र ते चुनखडक, शेल व इतर तरुण स्तरांखाली खोल जातात. त्यामुळे एकाच जलधराच्या एका टोकाला पाणी मुक्त अवस्थेत असते, तर दुसऱ्या टोकाला ते बंदिस्त, दाबाखाली असते. मोहनगडचे पाणी तज्ज्ञांनी निराळ्या व अधिक तरुण वालुकाश्मातील मानले असले, तरी त्यामागील तत्त्व हेच आहे.

वाळवंटातील मोजणीच्या अडचणी

स्वातंत्र्यानंतर 1954 मध्ये समन्वेषी कूपनलिका संघटना स्थापन झाली. तिचे 1970 मध्ये केंद्रीय भूजल मंडळ असे नामांतर झाले आणि 1972 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूजल विभाग त्यात विलीन झाला. लाठी पट्ट्यातील समन्वेषी विंधनांतून चांदन येथे भरघोस पाणी देणारी कूपनलिका लाभली आणि लोकांनी तिला ‘थारचा घडा’ असे नाव दिले. हे नाव लोभस असले तरी किंचित फसवे आहे. घडा रिकामा झाला की पुन्हा भरता येतो, असे त्यात गृहीत धरलेले असते.

विंधन खर्चिक असल्यामुळे त्याआधी भूभौतिक पाहणी केली जाते. विद्युत रोधकतेच्या पद्धतीत जमिनीत विद्युतप्रवाह सोडून स्तरांचा रोध मोजतात. कोरड्या वाळूचा रोध फार मोठा, गोड्या पाण्याने भरलेल्या वाळूचा मध्यम, तर खाऱ्या पाण्याने भरलेल्या वाळूचा अत्यल्प असतो. तत्त्व सोपे आहे, पण वाळवंटात त्याच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अगदी व्यावहारिक आहे : कोरड्या वाळूत खोवलेल्या सळ्यांतून प्रवाह जमिनीत शिरतच नाही, त्यांच्या बुडाशी पाणी, बहुधा मिठाचे पाणी, ओतावे लागते. पाणी शोधण्यासाठी पाणी सोबत न्यावे लागते, हा या पाहणीतील एक विनोदच म्हणावा लागेल. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चिकणमातीचा रोधही अल्प असतो आणि खाऱ्या पाण्याच्या वाळूचाही. नुसत्या आकड्यावरून दोन्ही ओळखू येत नाहीत. एखादी नमुना-कूपनलिका खोदून, तिच्यातील स्तरांशी आकडे ताडून पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

विद्युतचुंबकीय पद्धतीत जमिनीशी स्पर्श ठेवण्याची गरज नसते, म्हणून ती वाळवंटास अधिक अनुकूल आहे. हेलिकॉप्टरखाली मोठे वेटोळे टांगून त्यातील प्रवाह एकाएकी खंडित करतात आणि जमिनीत निर्माण झालेल्या क्षीण प्रवाहांचा ऱ्हास मोजतात. राष्ट्रीय जलधर मानचित्रणाच्या प्रायोगिक टप्प्यात देशातील जी सहा क्षेत्रे निवडली होती, त्यांत जैसलमेर जिल्ह्यातील रामगड परिसर होता आणि नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोटही होता. वाळवंटी वाळू आणि दख्खनचा काळा पाषाण एकाच प्रयोगात शेजारी आले. पुढे ऑक्टोबर 2021 मध्ये राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था व केंद्रीय भूजल मंडळ यांनी जोधपूर येथून शुष्क प्रदेशासाठी अशी व्यापक हवाई पाहणी सुरू केली. तिच्यातून शेकडो मीटर खोलीपर्यंतच्या स्तरांचे सलग चित्र हाती येऊ लागले. पाण्याची चव आणि वय मात्र हवेतून मोजता येत नाही.

पाण्याचे वय

1950 व 1960 च्या दशकांतील वातावरणीय अणुचाचण्यांमुळे पावसाच्या पाण्यात ट्रिटियमचे प्रमाण पुष्कळ वाढले होते. ज्या भूजलात ट्रिटियम जवळजवळ नाही, ते त्या चाचण्यांच्या आधी जमिनीत मुरलेले, असा ढोबळ निष्कर्ष काढता येतो. त्याहून जुन्या पाण्यासाठी त्यात विरघळलेल्या कार्बनमधील कार्बन-14 चे प्रमाण उपयोगी पडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 5,730 वर्षे आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात जैसलमेर जिल्ह्यातील भूजलाचा या पद्धतींनी अभ्यास केला. उपग्रहचित्रांत दिसणाऱ्या जुन्या, गाडल्या गेलेल्या नदीमार्गांवरील विहिरींचे पाणी त्यांनी तपासले. त्यात ट्रिटियम नगण्य आढळले आणि कार्बन-14 वरून त्याचे वय हजारो वर्षांचे निघाले.

या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून घोष, कार व हुसेन यांनी 1979 मध्ये वाळवंटातील लुप्त नदीमार्गांचे पुरावे मांडले होते. त्यामुळे जुने प्रवाह होते याविषयी शंका उरत नाही. मात्र जुना नदीमार्ग सापडणे आणि त्यातून आजही भूमिगत नदी वाहत असणे या दोन गोष्टींत हजारो वर्षांचे अंतर आहे. समस्थानिकांची साक्ष अशी आहे की त्या मार्गांवरील गोडे पाणी हा गतकालीन, अधिक आर्द्र हवामानाचा ठेवा आहे. आजच्या पावसाचा वा हिमालयीन प्रवाहाचा लक्षणीय भरणा त्याला मिळत नाही. सरस्वतीच्या नावाने होणाऱ्या भावनिक चर्चेत नेमका हाच भाग गळून जातो, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

एका कल्पित गणिताने हे स्पष्ट होईल. समजा, एक चौरस किलोमीटर क्षेत्राखाली पाण्याने भरलेला 50 मीटर जाडीचा वालुकाश्म आहे आणि त्यातून आकारमानाच्या 10 टक्के पाणी बाहेर काढता येते. तेथील उपलब्ध साठा 50 लाख घनमीटर होईल. हा आकडा कोणालाही मोह पाडील असाच आहे. आता पुनर्भरण पाहू. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो आणि बाष्पीभवनाची क्षमता त्याच्या कित्येक पट असते. टेकड्यांच्या वाळूतून खोल पोचणारे पाणी वर्षाला अवघे काही मिलिमीटर असते. ते 5 मिलिमीटर धरले, तर त्याच चौरस किलोमीटरवर वर्षाचा भरणा 5,000 घनमीटर होतो. म्हणजे तो साठा भरण्यास हजार वर्षे लागतील. दुसऱ्या बाजूने, एका हेक्टरावरील पिकाला हंगामात 500 मिलिमीटर पाणी दिले तर तेही 5,000 घनमीटरच होते. शंभर हेक्टरांवर मुरणारे पाणी एका हेक्टराच्या सिंचनाला पुरते, असा याचा अर्थ. दोन हेक्टर भिजले की मुद्दलाला हात लागला.

लाठी-पोखरण पट्ट्यात गेल्या काही दशकांत वीज पोचली, कूपनलिका वाढल्या आणि भुईमूग, जिरे, इसबगोल यांची सिंचित शेती पसरली. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कूपनलिका पाणी देते हाच पुरावा असतो, आणि त्याच्या एका हयातीपुरता तो खोटाही नसतो. सौदी अरेबियात 1980 च्या दशकात अशाच प्राचीन भूजलावर गव्हाची प्रचंड शेती उभी राहिली आणि 2008 मध्ये ती क्रमाने आवरती घेण्याचा निर्णय त्या शासनाला घ्यावा लागला. तेथेही पाण्याच्या वयाविषयी अज्ञान नव्हते.

भारतातील अधिकृत भूजल मूल्यांकनात वार्षिक पुनर्भरणावर आधारलेली ‘गतिमान’ संपत्ती आणि तिच्या खालची ‘साठीव’ संपत्ती असा भेद केला जातो, आणि उपशाचे प्रमाण पहिलीशी ताडले जाते. 2023 च्या मूल्यांकनात राजस्थानातील उपसा वार्षिक उपलब्धतेच्या सुमारे 149 टक्के दाखविला असून 302 घटकांपैकी 216 अतिउपशाच्या वर्गात आहेत. शंभरावरचे 49 टक्के साठीव संपत्तीतून, म्हणजे मुद्दलातून, येतात. महाराष्ट्रातील अध्यापकाला हा भेद सहज जाणवत नाही, कारण दख्खनच्या बेसॉल्टमध्ये साठा मुळातच तुटपुंजा असतो. विहीर उन्हाळ्यात तळ गाठते आणि पावसाळ्यानंतर पुन्हा भरते, त्यामुळे चूक वर्षभरात उघडी पडते. वाळवंटातील मोठा जलधर चूक पन्नास वर्षे झाकून ठेवू शकतो. त्याचे औदार्य हाच त्याचा धोका आहे.

जिप्समचा पातळ थर

खोल स्तरांइतकेच, किंबहुना लोकजीवनाच्या दृष्टीने अधिक, महत्त्व उथळ स्तरांना आहे. थारच्या पुष्कळ भागांत वाळूखाली थोड्या खोलीवर जिप्समचा किंवा घट्ट चिकणमातीचा थर सापडतो. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते, या थराशी अडते आणि खालच्या खाऱ्या भूजलात न मिसळता ओलाव्याच्या रूपाने तेथे टिकून राहते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात नोंदविल्याप्रमाणे तेथील समाज पाण्याचे तीन प्रकार मानतो : थेट पावसाचे ते पालर पाणी, खोल विहिरीचे ते पाताळ पाणी, आणि या दोहोंमधले, थराने अडविलेले ते रेजाणी पाणी. रेजाणी पाण्यासाठी अरुंद तोंडाची कुंई किंवा बेरी खणतात. ती खणणारा चेजारो जिप्समचा थर फोडत नाही. त्याच्या वरच थांबतो. रात्रभरात थेंबाथेंबाने एकदोन घडे पाणी जमते आणि तेवढेच काढले जाते. जलधराची मर्यादा ओळखून उपसा ठरविण्याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. त्यात रोधकतामापक नव्हता, पण स्तरज्ञान होते.

त्याच थराने इतरत्र वेगळी वागणूक दाखविली. 31 मार्च 1958 रोजी पायाभरणी झालेल्या आणि आज इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्याचे पाणी 1987 च्या आरंभी मोहनगडपर्यंत पोचले. हिमालयातील नद्यांचे पाणी कोरड्या वाळूवर आले आणि मुक्तहस्ते दिले गेले. कालव्याच्या लाभक्षेत्रात जेथे कमी खोलीवर जिप्सम वा चिकणमातीचा थर होता, तेथे ते खाली उतरेना. काही वर्षांतच पाणी मुळांपर्यंत वर आले, क्षार पृष्ठभागी साचले आणि शेते नापीक झाली. स्थानिक लोक या आपत्तीला ‘सेम’ म्हणतात. थराचा नकाशा आखून त्यानुसार पाण्याचे वाटप ठरविले असते तर हानी बरीच टळली असती, असे मानण्यास जागा आहे. अभियांत्रिकीची दृष्टी पाणी नेण्यावर होती. ते पोचल्यावर कोठे जाईल हा भूशास्त्राचा प्रश्न मागाहून विचारला गेला.

ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन कवास व परिसरातील गावे बुडाली. पाऊस ओसरला तरी पाणी ओसरले नाही. तळाशी असलेल्या जिप्समच्या थरांमुळे ते मुरण्यास वाव नव्हता आणि वाळवंटात महिनोन्महिने तळी उभी राहिली. बेरीत अमृत राखणारा थर, कालव्याकाठी शेत बुडविणारा थर आणि कवासला गाव बुडविणारा थर हे भूशास्त्रदृष्ट्या एकाच प्रकारचे आहेत.

जोधपूर जिल्ह्यात तर दोन्ही टोके शेजारी आढळतात. बिलाडा परिसरातील चुनखडकात पाण्याने विरघळून झालेल्या पोकळ्या असल्याने कूपनलिका उदार होत्या; उपसा वाढत गेला आणि पातळी खोल खोल उतरत गेली. उलट जोधपूर शहरात कालव्याचे पाणी आल्यावर जुन्या विहिरी व बावड्यांवरील भिस्त संपली, गळतीचे पाणी खडकांतील भेगांत साठू लागले आणि जुन्या वस्तीतील तळघरांत पाणी भरू लागले. राजस्थानच्या भूजल विभागाचे मुख्यालय याच शहरात आहे. जिल्ह्याची सरासरी काढली तर हे दोन्ही अनुभव एका निरुपद्रवी आकड्यात विरून जातात.

सर्वेक्षणातील उणीव

केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जैसलमेरसारख्या 38,000 चौरस किलोमीटरांहून मोठ्या जिल्ह्यात अशा विहिरी विरळच असणार. त्यांपैकी एखादी उथळ स्तरातील आणि शेजारची खोल बंदिस्त स्तरातील असेल, तर दोन्हींच्या पातळ्यांची तुलना निरर्थक ठरते. विहीर कोणत्या स्तरात संपते हे नोंदविले नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. खाऱ्या पाण्याच्या सीमेचे निरीक्षणही तितकेच आवश्यक आहे. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की भोवतालचे वा खालचे खारे पाणी सरकून येते. पातळी फारशी न बदलता पाणी निकामी होऊ शकते, आणि केवळ पातळी मोजणाऱ्याला ते कळत नाही.

याहून मोठी हानी खासगी खोदकामांत होते. शासकीय समन्वेषी विंधनात ठरावीक अंतराने खडकाच्या चुऱ्याचे नमुने ठेवले जातात, विवरात उपकरण सोडून स्तरांच्या सीमा नोंदविल्या जातात आणि पाण्याचे पृथक्करण होते. खासगी कूपनलिकेत यांतील बहुधा काहीच होत नाही. यंत्रावरचा अनुभवी कारागीर चुऱ्याचा रंग बदलला, चिकणमाती लागली, यंत्राचा आवाज फिरला हे अचूक ओळखतो. केव्हा आवरणनळी घालावी आणि केव्हा थांबावे याचे त्याचे आडाखे असतात. पण त्या खोल्या कोठे लिहिल्या जात नाहीत. जाड चिकणमातीखाली दाबाचे पाणी वा वायू असू शकतो, ही शक्यता जैसलमेरच्या खोऱ्यात नवी नाही. तेल व नैसर्गिक वायू यांच्या शोधासाठी 1960 च्या दशकापासून तेथे खोल विंधने झाली असून त्यांचे स्तरालेख त्या त्या संस्थांच्या दप्तरी आहेत. चिकणमातीचा थर लागल्यावर सावध करणारे असे कोणतेही कागदपत्र कूपनलिका खोदणाऱ्याच्या हाती सहसा नसते. गावपातळीवर प्रत्येक कूपनलिकेचा स्तरालेख, पाण्याची क्षारता आणि स्थिर पातळी या तीन गोष्टींची नोंद परवानगीच्या अटीत घातली, तर सर्वेक्षणास दरवर्षी शेकडो नवी छिद्रे विनाखर्च उपलब्ध होतील. परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल, भूशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना त्या नोंदींचे संकलन करणे आणि पाण्याचे नमुने तपासणे सहज शक्य आहे. त्यासाठी क्षारतामापक, मोजपट्टी आणि एक नोंदवही एवढीच सामग्री लागते.